रखमाबाईंची डबी

रखमाबाईंची मिशेरीची डबी माझ्या ओट्यावर हळदीच्या बरणीमागे असते. गोल, ॲल्युमिनियमची, झाकण एका बाजूने चेपलेलं. आमच्या घरात तंबाखूला कोणी शिवत नाही, त्यामुळे येणारा-जाणारा विचारतो. मध्यंतरी नणंद आली होती. तिने दंतमंजन समजून डबी उघडली आणि पुढची दहा मिनिटं शिंकत बसली. "अगं, फेकून का देत नाहीस?" म्हणाली. मी म्हटलं, "माझी नाहीये ती. ठेवायला दिलीय."

मिशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. रखमाबाईंच्या वयाच्या कितीतरी बायकांची सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही. रखमाबाईंची तर दुपारही सुरू व्हायची नाही.

त्या आमच्याकडे भाजी घेऊन येतात त्याला एकोणीस वर्षं झाली. शीळफाट्याच्या अलीकडे त्यांचं गाव. आता त्या बाजूला बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर उठलेत, पण अशाच दोन टॉवरांच्या मधे, नाल्याच्या कडेला, त्यांची एकरभर जमीन अजून आहे. पावसाळ्यात भात, भात कापला की भेंडी. जोडीला थोडी गवार, वाल, मुळा. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी नऊला शेअर रिक्षातून डोंबिवलीत उतरायचं, टोपली डोक्यावर घ्यायची, लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही, तीन जिने चढायचे आणि माझ्या उंबऱ्यावर बसकण मारून आधी चहा मागायचा. भाजी मग.

"तुजा चाय म्हंजे निसतं ऊन पानी, वयनी," हे मी एकोणीस वर्षं ऐकतेय. साखर वाढवत वाढवत आता चमचा ग्लासात उभा राहील इतकी घालते, तरी वाक्य तेच.

त्यांच्या आगरी बोलीत अहो-जाहो नाहीच. मला तू, माझ्या सासऱ्यांना तू. सोसायटीचे चेअरमन एकदा जिन्यात भाजीची टोपली ठेवू नका म्हणाले, तर त्यांना, "तू तुजी चप्पल ठेवतंस ना दाराबाहेर? ती खातंस का?" माझी मेघाली झाली तेव्हा माहेरून यायला कोणी नव्हतं. तेव्हा रोज शेपू आणून, उंबऱ्यावर बसून निवडून, तो मी खाल्ला की नाही हे दुसऱ्या दिवशी पातेलं उघडून बघणारी बाई हीच.

आणि एक गोष्ट. माझी भाजी त्या टोपलीतून कधी द्यायच्या नाहीत. टोपलीच्या तळाशी फडक्यात वेगळी पुरचुंडी असायची, ती माझी. त्यांच्या शेताच्या एका कोपऱ्यात, घराच्या भिंतीला लागून, घरच्या खाण्यापुरता एक वाफा होता. त्यावर औषधाचा थेंब मारायचे नाहीत. तिथली भेंडी आखूड, कुठे किडलेली, पण त्यांच्या घरात तीच शिजायची आणि माझ्याही. सोमवारच्या टोपलीतल्या लांबसडक, एका रंगाच्या भेंडीला मी हात लावला की त्या माझा हात बाजूला करायच्या. "ती नको. काल मारलंय." ती भेंडी मग खालच्या मजल्यावरच्या ताईंकडे जायची. मी बघत राहायचे आणि काही बोलायचे नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

भाजी हा त्यांचा एक भाग. दुसरा भाग मला फार उशिरा कळला. रखमाबाई त्यांच्या गावच्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. मांडवाचा खांब रोवताना, उंबराची फांदी आणताना, हळद लागताना ती गात असते. तांदळाच्या पिठाने जमिनीवर चौक घालते, नवऱ्यामुलीला त्यावर बसवते. आणि त्यांच्या गावात एक रीत आहे, ती मला सगळ्यात आवडते. गाता गाता ती त्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेते, एकेकाला लग्नाला बोलावते. पणजोबा, त्याचे भाऊ, बाळंतपणात गेलेली कोणी, लहानपणी गेलेलं कोणी. नाव घेतलं तर तो माणूस मांडवात आला. राहिलं तर तो दाराबाहेर उभा राहिला. ही नावं कुठे लिहिलेली नाहीत. गावातल्या चाळीस घरांची नावं रखमाबाईंच्या तोंडात.

गेल्या डिसेंबरात एका सोमवारी त्या उंबऱ्यावर बसल्या आणि चहा मागितला नाही.

मी विचारलं, "काय झालं?"

"भिवाच्या घरचं लगीन झालं गुरवारी," म्हणाल्या. "माजं तोंड बंद परलं, वयनी. नावं घेता घेता मदीच. बाया बघतान माज्याकडं. मी बघतंय उंबराकडं. काय येवालाच तयार नाय. मग भिवाच्या बायकोनंच तिच्या सासऱ्याचं नाव घेतलं. धवलारनीला घरच्यांनी नावं सांगवाची?"

मी म्हटलं, "अहो, होतं एखाद्या वेळी."

"आमच्या सोनलचं लगीन एप्रिलमदी हाय," त्या म्हणाल्या. सोनल त्यांची नात, त्यांच्या मुलाची, कमलेशची मुलगी. "पोरीनं दुसरी धवलारीन नको म्हनून सांगितलंय. माज्याच नातीच्या मांडवात मी मुकी उभी राहीन का?"

त्या दिवशी मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी हिंदकळत होता. जानेवारी तोंडावर आलेला, मी शाल घेऊन बसलेले, आणि त्यांच्या ओठावर घाम. मधे मधे पदराने तोंडाच्या कडा पुसत होत्या, लाळ येत होती. वजनकाटा हातातून सुटला. म्हणाल्या, "नजर धुरकट झालीय."

उपाय सगळे चालू होते. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, वय झालं म्हणून सांगितलं. चष्मा करून झाला. सुनेने, करिश्माने, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठाण्याच्या एका दवाखान्यात ताकदीच्या गोळ्या मिळाल्या, त्या रखमाबाईंनी नातीला दिल्या. "लगीन तिचं हाय, ताकद तिना लागंल."

मला बायकांच्या दुखण्याखुपण्यात नाक खुपसायची सवय नाही, पण माझ्याकडे कॅलेंडर आहे. दूध कधी आलं नाही ते मी त्यावर लिहिते. त्याच कॅलेंडरवर मी रखमाबाईंसाठी बारीक खुणा करू लागले. हात कापले त्या दिवशी खूण. महिनाभराने बघितलं तर खुणा जवळजवळ सगळ्या सोमवारी. बुधवारी क्वचित. शुक्रवारी एकही नाही. शुक्रवारी तर त्या जिन्यातूनच ओरडत यायच्या.

सोमवारच्या आदल्या दिवशी रविवार. कमलेश एमआयडीसीत कंपनीत जातो, त्याला रविवारी सुट्टी. म्हणून फवारणी रविवारी.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाय, पंप कमलेशच्या पाठीवर असतंय, माज्या नाय! त्याना काय होत नाय तं मना कसं होईल? मी तं बांधावर असतंय." पुढच्या वेळी तर कमलेशचा निरोपच घेऊन आल्या. "कमलेश बोलला, वयनीना सांग, औषध मी मारतो, मी ठणठणीत आहे. तुमची शंका बरोबर असती तर आधी मी आडवा झालो असतो."

मुद्दा बिनतोड होता. पण खुणा सोमवारीच पडत राहिल्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या सलग दोन खेपा आल्या नाहीत. रविवारी मी रिक्षा केली आणि गावात गेले.

घराच्या ओटीवर त्यांचे यजमान महिपत खुर्चीत बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे समजतात. त्यांनी मला हाताने शेताकडे बोट दाखवलं. बांधावर कमलेश पंप पाठीला लावून तयार उभा, तोंडाला रुमाल, अंगात जुना रेनकोट. आणि त्याच्यासमोर रखमाबाई उकिडव्या बसलेल्या. पुढ्यात बादली. बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, आणि हात बादलीत कोपराच्या खाली चार बोटं राहीपर्यंत बुडवलेला. ढवळत होत्या. पिठलं हाटावं तशा.

"काठीने ढवळा ना!" मी लांबूनच ओरडले.

"काठीला गुठली कलत नाय," त्या म्हणाल्या. "भुकटी बुडाशी बसतंय. हाताना कलतंय. आमची सासूपन असंच करायची." मला बघून मात्र चेहरा उजळला. "आलीस? बस. चाय टाकते. तुज्यासारखा नाय, खरा चाय."

पंप भरला, कमलेश ओळीत शिरला. रखमाबाईंनी हात पाटाच्या पाण्यात दोनदा हलवला, लुगड्याला पुसला. मग कपाळ चोळलं. "डोसकं धरलं बग. औषधाचा वास ना. थांब, जरा लावते, मोकलं होईल." आणि कनवटीची डबी काढली, त्याच हाताचं बोट मिशेरीत बुडवलं आणि हिरड्यांवरून फिरवलं. वरच्या, खालच्या, परत वरच्या. डोळे मिटून, शांतपणे.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकले. त्यातलं आज फारसं आठवत नाही, पण प्रयोगशाळेतल्या आमच्या बाईंचा आवाज अजून कानात आहे. पहिल्या दिवशी, दारातच: हात तोंडाकडे न्यायचा नाही! तीन वर्षं त्या हेच ओरडत होत्या.

"दिवसातून किती वेळा लावता?" मी विचारलं.

"रोज चारदा. रयवारी जास्त. रयवारी डोसकं फार दुखतंय ना."

कमलेशच्या बिनतोड मुद्द्याचं उत्तर माझ्यासमोर बसून दात घासत होतं. औषध मारणाऱ्याच्या तोंडाला रुमाल होता, अंगावर रेनकोट होता, संध्याकाळी तो साबणाने आंघोळ करत होता. ढवळणारीचा हात उघडा होता. डोकं दुखतं म्हणून ती बोट तोंडात घालत होती, आणि बोट तोंडात गेलं की डोकं आणखी दुखत होतं, की परत डबी.

मी त्यांना तिथेच साबणाने हात धुवायला लावले. तीनदा. मिशेरी थुंकायला लावली. त्या इतक्या हसत होत्या की कमलेश ओळीतून विचारत होता काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे कळलं की आधीच्या तीन डॉक्टरांचा फारसा दोष नव्हता. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करता?"

"काम? काय नाय," रखमाबाई म्हणाल्या. "घरीच असतंय."

मला राहवलं नाही. "अहो, एक एकर भेंडी करतात त्या! लावतात, औषध कालवतात, तोडतात, तीन जिने चढून विकतात."

"ते काय काम हाय का," रखमाबाई मला दटावून म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी कमलेश आणि सोनलसुद्धा आले रिपोर्ट ऐकायला. बाईंनी फार सोपं करून सांगितलं. मेंदूचा निरोप नसांमधून हातापायाला, डोळ्याला, तोंडाला पोचतो. तो पोचला की लगेच पुसायचं काम रक्तातलं एक द्रव्य करतं. या जातीचं कीटकनाशक त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतं. मग जुने निरोप पुसलेच जात नाहीत, नवे त्यावरच येऊन पडतात. म्हणून घाम, म्हणून लाळ, म्हणून कापरं. रखमाबाईंच्या रक्तात ते द्रव्य हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं.

"आणि आठवण?" सोनलने विचारलं.

बाई थांबल्या. "बरीचशी परत यावी. सगळी येईल असं मी सांगणार नाही. द्रव्य भरून येतं, पण हळूहळू, आणि मधे नवा थेंब अंगात जाता कामा नये. औषध कालवायचं नाही, मारलेल्या ओळीत शिरायचं नाही, फवारणीचे कपडेसुद्धा यांनी धुवायचे नाहीत. तुम्ही कालवणार असाल तर काठीने, लांब हातमोजे घालून." मग रखमाबाईंकडे वळून, "आणि मिशेरी बंद. ती तशीही वाईटच, पण तुमच्या बाबतीत औषध तोंडात न्यायचा चमचा आहे तो."

कमलेश जमिनीकडे बघत होता. "म्हणजे मी पंप मारायचो आणि जात होतं आईच्या अंगात," एवढंच म्हणाला. बाईंनी त्याचंही रक्त घेतलं. त्याचंही थोडं कमी निघालं. तो म्हणाला, "सोमवारी कंपनीत डोकं जड असायचं माझं. मला वाटायचं सोमवार आहे म्हणून."

शेत सोडायला रखमाबाई लगेच तयार झाल्या. अडलं ते डबीवर. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर आम्ही सगळे बसलो होतो आणि त्या हटून बसल्या होत्या.

"पंधराव्या वर्षापासनं लावतंय. मिशेरी सोड नको सांगू, वयनी. याना सोड सांग," महिपतकडे बोट करून म्हणाल्या, "आथाच्या आथा सोडते."

महिपत, ज्यांना ऐकू येत नाही, ते म्हणाले, "मना बी डबीत घालून कनवटीला लावलं असतंस तं मी बी सुटलो नसतो."

सोनल हसता हसता ओटीवरून घसरली. मग उठून आजीजवळ बसली. "आजी, मांडवात मला चौकावर बसवणार कोण? तू की भाड्याने आणलेली? लग्नापर्यंत फक्त. तीन महिने."

रखमाबाई बराच वेळ डबीचं झाकण अंगठ्याने उघडत-मिटत राहिल्या. मग ती माझ्या मांडीवर ठेवली. "घरात ठेवली तं मी शोधून काढीन. तू घेऊन जा. टाकू नकोस हां. लगीन झालं की परत घेईन."

अशी ती डबी माझ्या ओट्यावर आली.

पहिला महिना वाईट गेला. रखमाबाई भाजी घेऊन येत नव्हत्या, मीच आठवड्यातून दोनदा जात होते. त्या चिडचिड्या झाल्या होत्या. करिश्माच्या भाकरीत मीठ नाही, कमलेशच्या भेंडीत कस नाही, माझ्या साडीचा रंग बरा नाही. दिवसभर बोट तोंडाशी जायचं आणि परत यायचं. मी बडीशेप नेऊन दिली. "मी काय हाटेलात जेवलेय का?" म्हणाल्या, पण खाल्ली.

भेंडीच्या ओळीत जायला मनाई, मग त्यांना जायला एकच जागा उरली: घरचा वाफा. भिंतीला लागून होता तो त्यांनी दोन्ही अंगांनी वाढवला. तिथे बसून खुरपणं करायच्या आणि नावं म्हणायच्या. एका भेंडीच्या झाडाला एक नाव. पहिल्या झाडाला महिपतचे पणजोबा, दुसऱ्याला त्यांचा भाऊ दौलत. अडल्या की तिथेच थांबायच्या, पुढचं झाड खुरपायच्याच नाहीत. सोनल म्हणाली, मी मोबाईलवर लिहून घेते. त्यांनी साफ नकार दिला. "लिवलंस की माज्या तोंडाना सुट्टी. मग ते कशाला याद ठेवंल?"

फेब्रुवारीच्या अखेरीस अर्धा वाफा खुरपलेला आणि अर्ध्यात गवत. मार्चमध्ये मी एके दिवशी गेले तर त्या शेवटून तिसऱ्या झाडाशी होत्या. ग्लास एका हाताने धरला. चहा सांडला नाही. त्यांनी ग्लास माझ्यासमोर जरा जास्त वेळ अधांतरी धरून ठेवला, बघ म्हणून.

शेवटचं झाड सरस्वतीचं होतं. महिपतची बहीण, दहा वर्षांची असताना तापाने गेलेली. तिचा फोटो नाही, तिला पाहिलेलं महिपतशिवाय आता कोणी नाही. महिपत त्या झाडापाशी खुर्ची आणून बसायचे. "कमलेशच्या लग्नात आली होती ती," मला म्हणाले. "हिनं बोलावली होती. सोनलच्या लग्नाला यायला पायजे."

कमलेशने मात्र शेताचं बरंच बदललं. हातमोजे आणले, कालवायला लांब दांडा आणला. तोडणी फवारणीच्या आधी करू लागला, नंतर पाच-सहा दिवस ओळीत कोणाला जाऊ देत नाही. त्यामुळे काल मारलेली भेंडी कोणाच्या घरी जाईना, पण भेंडी निघायचीही आठवड्यातून एकदाच. त्याने मला विचारलं, "वयनी, खालच्या मजल्यावरच्या ताई ओरडतात का?" मी म्हटलं, "मी सांगितलंय त्यांना." सांगितलं होतं, जरा उशिरा. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी खरं सांगितलं. आठवडाभर जिन्यात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं ते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सोनलचा मांडव उभा राहिला. सकाळी दहाचं ऊन, अंगणात उंबराची फांदी रोवलेली, बायकांनी फेर धरलेला. रखमाबाई नवं लुगडं नेसून मधोमध. त्यांनी चिमटीत तांदळाचं पीठ घेतलं आणि चौक घालायला वाकल्या. तीन बाजू सरळ आल्या. चौथीला हात थरथरला आणि रेघ नाल्याच्या पाण्यासारखी वळत गेली. कोणीतरी पलीकडून, "आजी, पुसून परत काढ," म्हणालं.

"कशाला?" रखमाबाई वर न बघता म्हणाल्या. "बसवाचं हाय तिना त्यावर. मापवाचं नाय."

सोनल बसली. गाणं सुरू झालं. त्यांचा आवाज मी उंबऱ्यावर एकोणीस वर्षं ऐकला होता, पण असा नाही. जाडसर, जमिनीतून आल्यासारखा, ओढून धरलेला. त्यांच्यामागे बायका ओळ झेलत होत्या. मग नावं आली. पणजोबा आले. दौलत आले. मी मनातल्या मनात एकेक झाड पुढे सरकत होते. बाळंतपणात गेलेली सून आली, बोटीवरून परत न आलेला चुलता आला. शेवटून तिसरं झाड. शेवटून दुसरं.

आणि रखमाबाई थांबल्या.

बायकांनी मागची ओळ दोनदा म्हटली, मग त्याही थांबल्या. मांडवात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सोनलने डोक्यावरचा पदर जरा वर करून आजीकडे बघितलं. रखमाबाईंचा उजवा हात हळूच कनवटीला गेला. चाचपलं. डबी नव्हती. हात तिथेच राहिला. मी उठले. नाव मला पाठ होतं. पण माझ्या तोंडून ते येणं बरं नव्हतं. मी अर्धवट उभी राहिले आणि तशीच थांबले.

"सरू," मागून आवाज आला.

महिपत. खुर्चीतून, मान खाली घालून, कोणाला ऐकू जाईल न जाईल असं.

रखमाबाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. "बगा गं," सगळ्या मांडवाला म्हणाल्या, "याला सगलं ऐकू येतंय!"

मांडव हसला. त्या हसण्यातच त्यांनी श्वास भरून घेतला आणि वरच्या पट्टीत, पूर्ण नावाने, सरस्वतीला मांडवात बोलावलं. एकदाच बोलवायची रीत असते. त्यांनी दोनदा बोलावलं. महिपतनी रुमालाने चष्मा पुसला आणि मग बाकी सगळं पुसलं.

लग्न झालं, सोनल सासरी गेली, आणि पुढच्याच शुक्रवारी सकाळी नऊला जिन्यात आवाज आला. टोपली घरच्या वाफ्यातल्या भेंडीची होती, सगळीच्या सगळी, आखूड आणि जागोजागी किडकी. फक्त माझ्यासाठी वेगळी पुरचुंडी नव्हती. खालच्या ताईंकडे त्या आधीच जाऊन आल्या होत्या.

त्या बसल्या. मी चहा दिला. मग शब्द दिला होता म्हणून हळदीच्या बरणीमागून डबी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी डबी उचलली. झाकण काढलं, नाकाशी नेली, डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मिशेरी एवढ्या दिवसांत सुकून खडखडीत झाली होती. बोट झाकणापर्यंत गेलं. मग त्यांनी झाकण लावलं, चेपलेली बाजू अंगठ्याने दाबून बसवली आणि डबी माझ्याकडे सरकवली.

"आथा सोनलला पोर होईल," म्हणाल्या. "तवा पाचवीला गानी गावाला मनाच बोलावतील. तवर ठेव."

आणि ग्लास तोंडाला लावून, "निसतं ऊन पानी."